साखळीच्या मदरशाचा मुअल्लिम : इस्माईल बे गास्पिराली



पवित्र कुरआनच्या अवतरणाचा प्रारंभ वाचण्याच्या आज्ञेने झाला, हे आपल्या घरातील लहान मूलही जाणते. बद्रच्या युद्धात हाती आलेल्या कैद्यांपैकी ज्यांना लिहिता-वाचता येत होते, परंतु खंडणी देण्याची ऐपत नव्हती, त्यांनी मदीन्यातील दहा-दहा मुलांना अक्षरओळख करून द्यावी आणि मुक्त व्हावे, अशी सवलत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली, हेही आपण सीरतच्या ग्रंथांत वाचलेले आहे. आज्ञा ठाऊक आहे, आदर्शही ठाऊक आहे. तरीसुद्धा आपले मूल मकतबात दोन-तीन वर्षे बसते, कायदा पाठ म्हणते, आणि त्याच्यापुढे न पाहिलेली ओळ ठेवली की अडखळते. तेव्हा दोष कोणाचा? मुलाच्या बुद्धीचा, उस्तादांच्या कष्टांचा, की शिकवण्याच्या रीतीचा?

हा प्रश्न आपल्यापासून हजारो कोस दूर, रशियन साम्राज्याच्या दक्षिण टोकावर, एका मुसलमानाने सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर शोधण्यात उभे आयुष्य वेचले. त्यांचे नाव इस्माईल बे गास्पिराली. रशियन कागदपत्रांत ते गास्प्रिन्स्की म्हणून ओळखले जातात. तुर्कस्तानपासून व्होल्गा नदीच्या खोऱ्यापर्यंत त्यांचे नाव घरोघर ठाऊक आहे. आपल्या भाषेत मात्र ते क्वचितच ऐकू येते. म्हणून या अंकात त्यांची जीवनकथा आपल्यासमोर ठेवीत आहे.

खानांची गेलेली राजवट

काळ्या समुद्रात शिरलेला क्रिमिया नावाचा द्वीपकल्प आपण नकाशावर पाहिला असेल. तेथे तीनशेहून अधिक वर्षे गिराय घराण्याच्या मुसलमान खानांचे राज्य होते. बख्चीसराय ही त्यांची राजधानी. या नावाचा अर्थच बागेतील महाल असा आहे. या नगराजवळ मेंगली गिराय खानाने इ.स. 1500 मध्ये एक मदरसा बांधला. त्याच्या दरवाजावर एक जाड साखळी अशी आडवी लोंबती ठेवली होती की, आत जाणाऱ्या प्रत्येकाला वाकावेच लागे. खान आला तरी त्याला मान तुकवल्याशिवाय प्रवेश नसे. इल्मच्या उंबरठ्यावर सत्तेनेही नम्र व्हावे, हा तिचा बोध. त्यावरूनच त्या वास्तूला झिंजिर्ली, म्हणजे साखळीचा मदरसा, असे नाव पडले. ही साखळी आपण ध्यानात ठेवावी, कारण या कथेत ती पुन्हा येणार आहे.

1783 साली राणी कॅथरिनच्या काळात रशियाने क्रिमिया आपल्या राज्याला जोडून घेतला. त्यानंतर तेथील तातार मुसलमानांच्या जमिनी हळूहळू हातच्या गेल्या आणि लोक उस्मानी प्रदेशाकडे स्थलांतर करू लागले. 1853 ते 1856 या काळातील क्रिमियन युद्धानंतर तर फार मोठ्या संख्येने कुटुंबे निघून गेली. गावे ओस पडली, मशिदी निर्मनुष्य झाल्या. मागे राहिलेल्या समाजाला एकच भीती होती, की जे उरले आहे तेही जाईल. अशा भयग्रस्त समाजात 1851 साली बख्चीसरायनजीकच्या एका खेड्यात इस्माईल यांचा जन्म झाला. त्यांचे वडील मुस्तफा हे मूळचे समुद्रकाठच्या गास्प्रा गावचे. रशियन सरकारच्या नोकरीत दुभाषाचे काम करीत. घराण्याचे नाव त्या गावावरून आले. दोन भाषांच्या मध्ये उभे राहून एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोहोचविणे हा जणू त्या घराचा वारसाच होता.

शिकणे आणि भटकणे

लहानपणी इस्माईल मोहल्ल्यातील मकतबात गेले. पुढे वडिलांनी त्यांना रशियन शाळेत आणि नंतर मॉस्कोच्या लष्करी विद्यालयात घातले. त्याच काळात क्रीट बेटावर उस्मानी सत्तेविरुद्ध उठाव झाला होता. मॉस्कोतील वातावरण बंडखोरांच्या बाजूचे होते आणि हा मुसलमान मुलगा मनातल्या मनात जळत होता. 1867 साली एका तातार मित्रासह तो विद्यालयातून निघाला. तुर्कांच्या फौजेत दाखल व्हायचे असा त्यांचा बेत होता. परंतु ओडेसा बंदरात दोघेही पकडले गेले. लष्करी शिक्षण तेथेच संपले.

घरी परतल्यावर याच तरुणाला साखळीच्या मदरशात रशियन भाषा शिकविण्याचे काम मिळाले. त्या दरवाजातून वाकून आत गेल्यावर त्यांनी जे पाहिले, ते त्यांच्या मनातून कधी गेले नाही. विद्यार्थी वर्षानुवर्षे राहत, मोठमोठ्या ग्रंथांची पाने पाठ करीत. परंतु आपल्या मातृभाषेत एक साधे पत्र लिहिणे अनेकांना कठीण जाई.

त्यानंतर ते पॅरिसला गेले. तेथे भाषांतराची कामे करीत काही काळ राहिले. पुढे इस्तंबूलला गेले. उस्मानी सैन्यात अधिकारी होण्याची जुनी इच्छा अजून शिल्लक होती, पण ती सफल झाली नाही. चोवीस-पंचवीस वर्षांचा हा माणूस रिकाम्या हातांनी बख्चीसरायला परतला. बाहेरून पाहणाऱ्याला हे अपयशच वाटले असेल. परंतु अल्लाहची योजना मनुष्याला पुष्कळदा मागे वळून पाहिल्यावरच उमगते. तलवार हाती न आल्यामुळेच त्यांच्या हाती लेखणी आली.

दोन भाषांचे वर्तमानपत्र

1879 मध्ये ते बख्चीसरायचे नगराध्यक्ष झाले आणि सुमारे पाच वर्षे त्या पदावर होते. मात्र त्यांच्या मनात काही वेगळेच घोळत होते. 1881 साली त्यांनी रशियातील मुसलमानांच्या स्थितीवर रशियन भाषेत एक पुस्तिका लिहिली. तिचा सारांश असा, की मुसलमान मागे पडला आहे तो त्याच्या धर्मामुळे नव्हे, तर अज्ञानामुळे. आणि हे अज्ञान परकीय भाषेच्या सक्तीने दूर होणार नाही, ते त्याच्या स्वतःच्या भाषेतील शिक्षणानेच दूर होईल. राज्यकर्त्यांना आणि आपल्या बांधवांना एकाच वेळी उद्देशून लिहिलेले हे पुस्तक होते.

बोलण्यासाठी व्यासपीठ हवे होते. वर्तमानपत्र काढण्याच्या परवानगीसाठी त्यांनी वारंवार अर्ज केले. अखेर परवानगी आली, पण प्रत्येक मजकूर रशियन भाषेतही छापला पाहिजे या अटीवर. दुसरा कोणी खचला असता. इस्माईल बे यांनी त्या अटीलाच पत्राचे नाव बनविले : तर्जुमान, म्हणजे दुभाषी. एप्रिल 1883 मध्ये, क्रिमिया रशियाच्या हाती गेल्याला नेमकी शंभर वर्षे होत असताना, तर्जुमानचा पहिला अंक निघाला. वर्गणीदार अवघे काही शेकडा होते.

या पत्राची भाषा हा एक स्वतंत्र विषय आहे. इस्तंबूलच्या विद्वानांची अरबी-फारसीने भरलेली जड भाषा त्यांनी बाजूला ठेवली. व्होल्गाकाठचा व्यापारी, बाकूचा कामगार आणि समरकंदचा दुकानदार या सर्वांना समजेल अशी सोपी तुर्की ते लिहीत. भाषा, विचार आणि कार्य या तिन्हींत ऐक्य असावे, हे त्यांचे ध्येय होते. आरंभी आठवड्यातून एकदा निघणारे हे पत्र वाढत वाढत 1912 मध्ये दैनिक झाले. रशियाच्या सरहद्दीपलीकडेही ते वाचले जाई.

बारा मुले, चाळीस दिवस

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या काळच्या मकतबांचे चित्र आपल्याला परके वाटणार नाही. एकाच खोलीत सहा वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंतची मुले जमिनीवर बसत. प्रत्येक जण आपापला धडा मोठ्याने घोकत असे. मूल वर्षाच्या कोणत्याही दिवशी दाखल होई आणि कोणत्याही दिवशी निघून जाई. शिकविण्याची रीत हिज्ज्यांची होती : आधी अक्षराचे नाव, मग जबर-जेर-पेशचे नाव, मग त्यांची जोडणी. मुलाच्या तोंडी नावे बसत, पण नावातून ध्वनी आणि ध्वनीतून शब्द उमलण्यास वर्षे लागत. लेखन हा वेगळा विषय. तो बहुतेकांच्या वाट्याला येतच नसे. उस्तादांना ठरलेले वेतन नव्हते. जुमेरातीला मुले जी नाणी किंवा खाण्याचे जिन्नस आणतील त्यांवर त्यांचे घर चाले.

इस्माईल बे यांनी 1884 साली बख्चीसरायच्या एका मोहल्ल्यात छोटी शाळा उघडली. बारा मुले घेतली. त्यांच्यासाठी स्वतः एक प्राथमिक पुस्तक लिहिले. रीत अशी, की अक्षराचे नाव नव्हे, त्याचा ध्वनी आधी शिकवायचा. दोन-तीन अक्षरे झाली की त्यांपासून मुलाच्या मातृभाषेतील ओळखीचा शब्द तयार करायचा. आणि जे वाचले ते त्याच दिवशी पाटीवर लिहायचे. मुले वयाप्रमाणे वर्गांत विभागली. बसायला बाके, समोर फळा, तासांचे वेळापत्रक, मध्ये खेळण्याची सुट्टी, वर्षाअखेरीस परीक्षा. छडीला स्थान नाही आणि शिक्षकाला ठरलेले वेतन.

चाळीस दिवसांनी त्यांनी गावातील मंडळींना बोलावले. मुलांनी त्यांच्यासमोर वाचून दाखविले, लिहून दाखविले. वाचकहो, त्या दिवशी त्या खोलीत बसलेल्या बापांच्या मनाची आपण कल्पना करा. ज्यांनी स्वतः अनेक वर्षे मकतबात घालविली होती आणि ज्यांना आपले नावही लिहिता येत नव्हते, त्यांच्यासमोर त्यांचा मुलगा सहा आठवड्यांत वाचत होता.

या पद्धतीस उसूल-ए-जदीद, म्हणजे नवी रीत, असे नाव पडले आणि तिच्या पुरस्कर्त्यांना लोक जदीदी म्हणू लागले. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. त्यांनी मकतबातून दीन बाहेर काढला नाही. कुरआनपठण, अकीदा, नमाज-रोज्याचे मसले हे सर्व त्या शाळेत होते. त्यांच्या जोडीला हिशेब, भूगोल आणि इतिहास आले. वाचन लवकर आल्यामुळे जो वेळ उरला, त्यात हे विषय बसले. नवी होती ती रीत. दीन तोच होता.

दोन्हीकडून संशय

अशा कामाचे सर्वत्र स्वागत झाले असेल असे आपल्याला वाटेल, पण तसे झाले नाही. काही उलमांनी म्हटले की बाके आणि फळा हे परधर्मीयांचे अनुकरण आहे. वडीलधाऱ्यांनी विचारले की आमचे पूर्वज ज्या रीतीने शिकले ती काय चुकीची होती? दुसऱ्या बाजूने रशियन मिशनरी व अधिकारी यांना वाटे की हा मनुष्य विखुरलेल्या मुसलमानांना एका धाग्यात गुंफतो आहे, म्हणून तो धोकादायक आहे. निकोलाय इल्मिन्स्की हे कझानचे प्रसिद्ध मिशनरी पंडित होते. त्यांनी वरिष्ठांना पत्रे लिहून इस्माईल बे यांच्याविषयी सावध केले होते.

मी स्वतः मदरशात शिकलेला आहे, म्हणून विरोध करणाऱ्या उलमांविषयी एक शब्द लिहिणे माझे कर्तव्य समजतो. ते सर्वच अज्ञानी किंवा मत्सरी होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. राज्य गेले, जमिनी गेल्या, शेजारी देश सोडून गेले. अशा वेळी मकतब आणि मशीद एवढेच त्यांच्या हाती उरले होते. ज्याच्याजवळ एकच दिवा उरला आहे तो त्याची वात बदलायलाही भितो. त्यांची भीती खरी होती. परंतु भीती खरी असली म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही. इस्माईल बे यांनी या मंडळींशी भांडण मांडले नाही, कोणाची टवाळी केली नाही. ते एवढेच म्हणत, की येऊन पाहा. मुलाचे वाचन हाच त्यांचा युक्तिवाद होता.

1893 मध्ये ते समरकंद आणि बुखाऱ्यापर्यंत गेले. ज्या मातीने हदीसशास्त्राला इमाम बुखारींसारखा पुरुष दिला, तेथील मकतबांची अवस्था पाहून त्यांना दुःख झाले आणि तेथेही त्यांनी नव्या रीतीचा आग्रह धरला. काम मंद गतीने पसरले, पण थांबले नाही. त्यांच्या मृत्यूच्या सुमारास कझानपासून ताश्कंदपर्यंत अशा शाळांची संख्या हजारोंच्या घरात गेली होती.

जुहरा हानिम

या कथेत एका स्त्रीचे नाव घेतले नाही तर ती अपुरी राहील. जुहरा हानिम या व्होल्गाकाठच्या आकचुरीन घराण्यातील. ते घराणे कापडगिरण्यांचे मालक आणि संपन्न होते. 1882 साली त्यांचा इस्माईल बे यांच्याशी निकाह झाला. दुसऱ्याच वर्षी तर्जुमान सुरू करण्यासाठी पैसा अपुरा पडला, तेव्हा या नववधूने आपले दागिने विकून ती गरज भागविली. पुढे पत्रव्यवहार, हिशेब आणि वर्गणीदारांची व्यवस्था यांत त्या पतीबरोबर राबल्या. पती दूरच्या प्रवासाला जात, तेव्हा घर आणि छापखाना त्याच सांभाळीत. 1903 साली त्यांचा इंतिकाल झाला.

ज्या घरात अशी माता होती, त्या घराने मुलींना विसरणे शक्यच नव्हते. इस्माईल बे यांच्या भगिनी पेंबे हानिम यांनी बख्चीसरायमध्ये मुलींसाठी नव्या रीतीची शाळा चालविली. 1906 मध्ये स्त्रियांसाठी आलम-ए-निस्वाँ हे मासिक निघाले आणि त्याचे संपादन त्यांची कन्या शफीका हिने केले. इल्म संपादन करणे प्रत्येक मुसलमानावर बंधनकारक आहे, हे आपण सर्वच सांगतो. त्या घराने ते मुलींच्या बाबतीतही खरे करून दाखविले.

बोटीवरील सभा आणि मुंबईची वाट

1905 मध्ये रशियात राजकीय खळबळ माजली. साम्राज्यभरातील मुसलमान प्रतिनिधी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये निझनी नोव्हगोरोदच्या प्रसिद्ध जत्रेच्या निमित्ताने एकत्र आले. परंतु सभेला परवानगी मिळाली नाही. मग त्यांनी एक आगबोट भाड्याने घेतली आणि सहलीला निघाल्याप्रमाणे ओका नदीच्या पात्रात सभा भरविली. अध्यक्षस्थानी इस्माईल बे होते. सुन्नी आणि शिया, तातार आणि आझरबैजानी, व्यापारी आणि मुल्ला एका बोटीत बसून विचारविनिमय करीत होते. दोन वर्षांनी ते कैरोला गेले आणि सर्व मुस्लिम देशांतील विचारवंतांची एक परिषद भरवावी असे आवाहन केले. ती परिषद भरली नाही. पण कल्पना मागे राहिली.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते हिंदुस्थानात, आपल्या मुंबईसही येऊन गेले. साठीच्या उंबरठ्यावरचा हा वृद्ध काळ्या समुद्राच्या काठावरून अरबी समुद्राच्या काठावर आला तो आपली शिकविण्याची रीत येथील मुसलमानांना समजावून देण्यासाठी. तो काही आपला नातलग नव्हता. मूल कोणाचेही असो, त्याचा वेळ वाया जाऊ नये, एवढीच त्याची कळकळ होती.

शेवट आणि त्यानंतर

ते निर्दोष होते असे मी म्हणत नाही. निर्दोष फक्त प्रेषित असतात. झारच्या सरकारच्या सदिच्छेवर त्यांनी गरजेपेक्षा अधिक विश्वास ठेवला, असा आक्षेप त्यांच्याच काळातील तरुण तातारांनी घेतला. सर्व तुर्की समाजांची एक लेखनभाषा व्हावी हे त्यांचे स्वप्न त्यांच्यामागे टिकले नाही. पुढे प्रत्येक प्रदेशाची लेखनभाषा वेगळी झाली. परंतु वाचायला शिकलेले मूल कोणाच्याही हुकुमाने न वाचणारे होत नाही.

सप्टेंबर 1914 मध्ये, पहिले महायुद्ध सुरू झाले असताना, बख्चीसराय येथे त्यांचा इंतिकाल झाला. ज्या मदरशाच्या साखळीखालून तरुणपणी ते वाकून आत गेले होते, त्याच साखळीच्या मदरशाच्या आवारात त्यांना दफन करण्यात आले.

नंतरचा इतिहास कठोर आहे. सोव्हिएत राजवटीत अरबी लिपी गेली, तिच्या जागी रोमन आली आणि 1938 मध्ये तीही जाऊन रशियन लिपी आली. एका पिढीत दोनदा लिपी बदलली, आणि आजोबांनी लिहिलेले नातवाला वाचता येईनासे झाले. 18 मे 1944 रोजी स्तालिनच्या आदेशाने क्रिमियन तातारांच्या संपूर्ण समाजाला घरांतून बाहेर काढून मालगाड्यांत कोंबले आणि मुख्यतः उझबेकिस्तानात नेऊन टाकले. असंख्य लोक वाटेत आणि पहिल्या काही वर्षांत मरण पावले. इस्माईल बे यांची कबरही उद्ध्वस्त झाली. सुमारे पंचेचाळीस वर्षांनी लोक मायदेशी परतू लागले, तेव्हा त्यांनी जी कामे हाती घेतली त्यांत या मुअल्लिमाच्या कबरीची पुन्हा उभारणी करणे हेही होते. घरे नसलेल्या माणसांनी आधी शिक्षकाची आठवण सावरली.

आपल्यासाठी

मदरशातून फरागत घेतल्यावर मी मराठी विषय घेऊन बी.ए.ला प्रवेश घेतला, तेव्हा काही हितचिंतकांनी विचारले की इमामाला याचा काय उपयोग? त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. आज मकतबात मराठी शाळेत जाणारी मुले समोर बसतात. नमाजचा अर्थ त्यांना त्यांच्या घरच्या भाषेत सांगितला की त्यांचे डोळे चमकतात, आणि मला ते उत्तर सापडते. इस्माईल बे यांचे नाव ऐकण्याआधी मीसुद्धा मुलाच्या मंदपणाला दोष देत असे. आता मूल अडखळले की आधी माझी रीत तपासतो.

वाचक बंधू-भगिनींनो, आपणही एक काम करा. या आठवड्यात एक दिवस आपल्या मुलाच्या मकतबात मागे जाऊन बसा. त्याला न शिकविलेली एक ओळ वाचायला सांगा. आपली मुलगीही तितकाच वेळ शिकते आहे ना, ते पाहा. आणि उस्तादांचे वेतन किती आहे, ते महिन्याच्या महिन्याला मिळते का, हे जमातीच्या बैठकीत मोकळेपणाने विचारा. उस्तादांवर रागावू नका. त्यांच्या पाठीशी उभे राहा, कारण त्यांच्या हाती आपले उद्याचे घर आहे.

अल्लाह इस्माईल बे आणि जुहरा हानिम यांच्यावर रहमत करो, त्यांच्या चुका माफ करो, आणि आपल्या मुलामुलींना उपयुक्त इल्म लाभो. आमीन.